डबा रिकामा परत द्यायचा नाही

आजचं वाचन : लूक २:२२-२४, रूथ २:१४-१८, याकोब २:१४-१७



नाताळ तीन दिवसांवर आलाय. तुमच्याही ग्रुपवर आता ती यादी फिरत असेल. ब्लँकेट किती, किराणा किट किती, गाडी कोणाची, कोण कोण येणार. गेल्या वर्षी आमच्या तरुण संघाची यादी मीच बनवली होती. गूगल शीटमध्ये, रंगबिंग देऊन. पॅक झालं की ओळ पिवळी, वाटप झालं की हिरवी. आज त्या शीटबद्दल लिहायचंय, कारण तिच्यातली एक ओळ हिरवी आहे आणि ती तशी असायला नको होती. वर्षभर हे लिहायचं टाळलं. पण आजचं वाचन लूक २ चं निघालं, आता सुटका नाही.

आधी वचन बघू.

लूकचा दुसरा अध्याय आपण दरवर्षी वाचतो. नावनिशी, बेथलेहेम, गव्हाणी, मेंढपाळ. नाटिकेचा पडदाही तिथंच पडतो. पण लूक पुढं सांगतो की मरीया आणि योसेफ बाळाला घेऊन यरुशलेमच्या मंदिरात गेले आणि नियमशास्त्राप्रमाणे त्यांनी अर्पण केलं. अर्पण काय, तर होल्यांची जोडी किंवा पारव्याची दोन पिल्लं. लूक यावर एक शब्दही जास्त बोलत नाही. त्याला काय सुचवायचंय ते कळायला लेवीय १२ उघडावं लागतं. मुलगा झाला की चाळीस दिवसांनी आईनं मंदिरात काय आणायचं हे तिथं लिहिलंय : होमार्पणासाठी एक वर्षाचं कोकरू आणि पापार्पणासाठी एक पारवा किंवा होला. आणि शेवटच्या, आठव्या वचनात सवलत आहे. कोकरू ऐपतीबाहेर असेल तर दोन पक्षी आणले तरी चालतील.

म्हणजे आपल्या प्रभूची आई सवलतीच्या रांगेत उभी होती. आपल्याकडच्या भाषेत बोलायचं तर पिवळ्या रेशनकार्डाचं कुटुंब. (कोणी विचारेल, मागी लोकांनी आणलेलं सोनं कुठं गेलं? मागी लोक नंतर आले असं बरेच अभ्यासक मानतात, आणि हे दोन पक्षी त्याचं एक कारण म्हणून दाखवतात. हातात सोनं असतं तर कोकरू आणलं असतं की.)

नाताळच्या दानावर मी जितके संदेश ऐकलेत, त्या सगळ्यांत आपण मागी लोकांच्या जागी असतो. आपण उंटावरून येतो, पेट्या उघडतो, देतो. समोरचं घर कसलं आहे, त्या घरातल्या बाईला आपल्या येण्यानं काय वाटतं, यावर कोणी फारसं बोलत नाही. पण देवाचा पुत्र त्या घरातल्या बाजूला जन्मला. पौल २ करिंथ ८:९ मध्ये हेच सांगतो : जो श्रीमंत होता तो आपल्यासाठी दरिद्री झाला. हे वचन आपण दानाच्या पाकिटावर छापतो आणि मग आपण परत श्रीमंतांच्या बाजूला जाऊन उभे राहतो.

मला ती दुसरी बाजू थोडी माहीत आहे.

माझं लहानपण नेवासा तालुक्यातल्या एका खेड्यात गेलं. पप्पा सीझनला कारखान्यावर आणि एरवी मिळेल ते काम. मी दुसरीत असताना नाताळच्या आदल्या रविवारी बाहेरगावहून काही पाहुणे आले. चांगली माणसं होती, चांगल्या हेतूनं आली होती. गरम कपड्यांची गाठोडी आणली होती. एकेका मुलाचं नाव पुकारायचे, स्टेजवर जायचं, कपडा घ्यायचा, फोटोसाठी थांबायचं. मला निळा स्वेटर मिळाला. मऊ, उबदार, जवळजवळ नवा. फक्त छातीवर पुण्याच्या कुठल्याशा इंग्रजी शाळेचा बिल्ला शिवलेला होता. आईनं रात्री कंदिलाशी बसून ब्लेडनं टाके उसवले आणि बिल्ला काढला. पण स्वेटर उन्हानं विटलेला होता आणि बिल्ल्याखालची जागा विटली नव्हती. तिथं गडद निळी ढाल कायमची राहिली. शाळेत पोरं मला दोन वर्षं 'पुण्याचं पार्सल' म्हणत होती. स्वेटर ऊब द्यायचा, हे पण खरं आहे. थंडीत मी तोच घालायचो.

त्याच गावात आमच्या घरासमोर एक मावशी राहायच्या. विधवा, शेतात रोजानं जाणाऱ्या, वारीला जाणाऱ्या. त्या आम्हाला दिवाळीचा फराळ द्यायच्या आणि आम्ही त्यांना नाताळचा. स्टीलचा तोच डबा इकडून तिकडं. दोन्हीकडं करंज्याच असायच्या, सारण जरा वेगळं. त्यांच्या डब्यात एका वर्षी फक्त चार शंकरपाळे आणि मूठभर चिवडा आला, कारण त्या वर्षी त्यांचं काही जमलं नव्हतं. आईनं तो डबा धुतला आणि त्यात गूळ घालून परत दिला. कारण डबा रिकामा परत द्यायचा नाही. हे तुमच्या घरातही असेल. साखर घाला, चार शेंगदाणे घाला, काही नाही तर परसातली कढीपत्त्याची डहाळी, पण रिकामा डबा शेजाऱ्याच्या हातात द्यायचा नाही. लहानपणी मला वाटायचं हा शकुन-अपशकुनाचा प्रकार आहे. आता वाटतं, यात फार शहाणपण आहे. परत देण्याची जागा राहिली की दोन्ही घरं शेजारी राहतात.

स्वेटरला परत देण्याची जागा नव्हती. कोणाला देणार? त्या पाहुण्यांचं नावसुद्धा आम्हाला माहीत नव्हतं.

एवढं सगळं माहीत असून मी गेल्या वर्षी काय केलं ते आता सांगतो.

तुमच्यातले जे मुंबई-पुण्याचे आहेत त्यांच्यासाठी थोडी माहिती. आमच्या अहिल्यानगर जिल्ह्यात (तोंडात अजून नगरच येतं) साखर म्हणजे श्वास आहे. राज्यातला पहिला सहकारी साखर कारखाना इथंच, प्रवरेच्या काठी लोणीला १९५० मध्ये सुरू झाला. गळीत हंगाम दिवाळीच्या आसपास सुरू होतो आणि मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. म्हणजे आपण घरावर चांदणी लावतो तेव्हा हंगाम अगदी भरात असतो. ऊस तोडायला माणसं येतात ती बीडकडून, आणि आमच्याच जिल्ह्यातल्या पाथर्डी-शेवगावकडून. ती परक्या मुलखातली नाहीत, शंभर किलोमीटरवरची आहेत. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत तोड करायची. फडाच्या कडेला बांबू, पाचट आणि ताडपत्रीच्या कोप्या. पहाटे चारला, कधी त्याच्याही आधी, काम सुरू. काम चुकलं तर खाडा, आणि खाड्याचे पैसे कापले जातात. आजारपण, बाळंतपण, सगळं या हिशोबात बसवायचं.

आम्ही ठरवलं की यंदा नाताळला राहुरी तालुक्यातल्या एका टोळीला ब्लँकेट आणि किराणा द्यायचा. मुकादमाला फोन केला. तो म्हणाला, बारा कोयते आहेत. मी शीटमध्ये लिहिलं : बारा. बारा ब्लँकेट, बारा किट.

कारखान्याच्या मुलखात वाढलेल्या माणसानं ही चूक करायला नको होती. एक कोयता म्हणजे एक माणूस नाही, एक जोडी. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, दोघं मिळून एक कोयता. आणि त्यांची पोरं कोणत्याच मोजणीत नसतात. चोवीस मोठी माणसं, सतराएक लेकरं, आणि आम्ही बारा ब्लँकेट घेऊन २४ डिसेंबरला दुपारी चारला दोन गाड्यांतून उतरलो. लाज वाटली, पण मग म्हटलं, कोपीला एक. शीट तशीच जुळली.

पाचव्या कोपीत एक ताई होत्या. वय पंचविशीचं असेल, कमीच. मांडीवर अडीच-तीन वर्षांचं लेकरू, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. आम्ही गेलो तशी त्यांनी चुलीवरचं भगुलं पुढं ओढलं.

"च्या घ्या दादा."

"नको ताई, अजून सात घरं राहिलीत. उशीर होतोय."

"घोटभर घ्या की. केलेलाच हाय."

मी किट पुढं केलं. त्यांनी ते घेतलं, बाजूला ठेवलं, आणि मग विचारलं, "दादा, लेकरू दोन दिस झालं तापलंय. हितं दवाखाना कुठशीक हाय?"

मी सांगितलं की राहुरीला ग्रामीण रुग्णालय आहे, सरकारी आहे, पैसे लागत नाहीत. पत्ता अगदी नीट समजावून सांगितला. त्या म्हणाल्या, "खाडा पडतो ओ. आन् जायचं कशानं?"

आमच्या दोन गाड्या त्यांच्या कोपीपासून तीस पावलांवर उभ्या होत्या. मी घड्याळ पाहिलं. साडेपाच वाजले होते. सातला नगरला आमचा कॅरोलचा कार्यक्रम होता आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. मी म्हणालो, "काळजी घ्या ताई. आम्ही प्रार्थना करतो." कोणीतरी फोटो काढला. पुढच्या कोपीकडं जाता जाता मी मोबाईलवर पाचवी ओळ हिरवी केली.

आता याकोब २:१५-१६ उघडा. मी ते इथं उतरवत नाही, तुम्ही स्वतः वाचा. उघड्या आणि उपाशी माणसाला कोणीतरी म्हणतो, सुखानं जा, ऊब घ्या, पोटभर जेवा, आणि अंगाला लागेल असं काहीच देत नाही. मी हे वचन कितीदा शिकवलंय! नेहमी असं समजून, की याकोब रिकाम्या हातांच्या माणसांबद्दल बोलतोय. माझे हात तर भरलेले होते. ब्लँकेट होतं, पाच किलो तांदूळ होता. पण याकोबचा शब्द नीट पाहा : शरीराला जे हवं ते न देणं. त्या संध्याकाळी त्या कोपीत जे हवं होतं ते तांदूळ नव्हतं. एक गाडी आणि दीड तास हवा होता.

आयटीवाल्यांना ही गोष्ट लगेच कळेल. कस्टमर सांगतो एक, आपण आपल्याकडं जो फिक्स तयार आहे तो टाकतो आणि तिकिट क्लोज करतो. रिपोर्टमध्ये सगळं हिरवं. त्याचा प्रॉब्लेम तसाच. अशी क्लोज केलेली तिकिटं मी ऑफिसात ओळखतो आणि ज्युनियर पोरांवर चिडतो पण.

कार्यक्रम छान झाला. रात्री घरी आईला सगळं सांगितलं, चहाचंही सांगितलं. आई करंज्या डब्यात भरत होती. तिनं एवढंच विचारलं, "च्या घेतलास का तू?"

"नाही."

ती काही बोलली नाही. झोप आली नाही मला. पंचवीसला उपासना, पाहुणे, जेवणं. सव्वीसला सकाळी चुलतभावाला घेऊन राहुरीकडं गेलो. फड तुटून गेला होता. पाचट पेटवलेलं, काळं रान, आणि बारा ठिकाणी चुलींचे तीन-तीन दगड. टोळी पुढं सरकली होती. मुकादमाला फोन लावला, तो म्हणाला नेवाशाच्या बाजूला गेलेत, नक्की कोणत्या शिवारात ते दुसऱ्याला विचारा. दुसऱ्यानं फोन उचलला नाही. मी त्या ताईंचं नाव विचारलं नव्हतं. लेकराचंही नाही. शीटमध्ये लिहिलेलं आहे : कोपी क्र. ५.

मत्तय २५ मधल्या नीतिमान लोकांचं मला आता फार आश्चर्य वाटतं. राजा त्यांना म्हणतो, मी भुकेला होतो, तुम्ही खायला दिलं. ते विचारतात, प्रभू, कधी? त्यांना आठवतच नाही. त्यांच्याकडं काही लॉग नाही, फोटो नाही. माझ्याकडं सगळं आहे. वेळ, ठिकाण, फोटो.

मग काय, नाताळला देणं बंद करायचं? नाही, नाही. असं वाचून कोणी ब्लँकेट रद्द करू नका, डिसेंबरात फडावर थंडी खरीच असते. पण पवित्र शास्त्रात देण्याची एक रीत आहे जी मला याआधी नीट दिसली नव्हती, ती रूथच्या दुसऱ्या अध्यायात आहे.

लेवीय १९:९-१० मध्ये देवानं सांगून ठेवलंय : शेताच्या कडा पार कापू नका, खाली पडलेला सरवा वेचू नका, तो गरिबासाठी आणि परक्यासाठी राहू द्या. सरवा हा आपल्या आज्यांचा शब्द आहे. बाजरीची सोंगणी झाल्यावर रानात राहिलेली कणसं वेचायला बायका जायच्या. (ऊसतोड टोळीला वाढं मिळतं, उसाच्या शेंड्याचा हिरवा चारा, तो गुरंवाल्यांना विकून चार पैसे होतात. तो त्यांचा सरवा.) रूथ सरवा वेचायला बवाजाच्या शेतात येते. परदेशी, विधवा, कोणी ओळखीचं नाही. बवाजाकडं धान्याची रास होती. पोतं भरून देणं त्याला सोपं होतं. त्यानं तसं केलं नाही. चौदाव्या वचनात तो तिला आधी जेवायला बोलावतो, कापणी करणाऱ्यांच्या पंगतीत, आणि हुरडा स्वतःच्या हातानं देतो. मग गड्यांना हळूच सांगतो, पेंढ्यांतून थोडं मुद्दाम गळू द्या, आणि तिला बोलू नका, लाजवू नका. ती संध्याकाळपर्यंत वेचते, झोडपते, आणि एफाभर जव घरी नेते. स्वतःच्या कष्टाचं म्हणून नेते.

आणि अठरावं वचन! दुपारच्या जेवणातलं उरलेलं तिनं बाजूला ठेवलेलं असतं, ते ती नामीला देते. म्हणजे ज्या बाईला सकाळी काहीच नव्हतं, ती संध्याकाळी देणारी झाली. बवाजाच्या देण्यात ही जागा होती. तिचा डबा रिकामा राहिला नाही.

आमच्या जिल्ह्याला दोन्ही प्रकारचं देणं ठाऊक आहे. १८९९-१९०० च्या दुष्काळात नगरच्या अमेरिकन मराठी मिशनचे रॉबर्ट ह्यूम यांनी परदेशातून मदत मिळवून अन्न आणि काम उभं केलं, अनाथ मुलं सांभाळली. सरकारनं १९०१ मध्ये त्यांना कैसर-इ-हिंद सुवर्णपदक दिलं. त्या मदतीनं खरीच माणसं जगली. पण त्याच काळापासून एक टोमणाही आपल्या घरांना चिकटला, तुम्ही भाकरीसाठी बाटलात. माझ्या आजोबांनीही तो ऐकलाय. मला त्या टोमण्याची लाज वाटत नाही, भुकेल्यानं खाल्लं यात लाजायचं काय? पण देणाऱ्यानं विचार करायला हवा. आमच्या गेल्या वर्षीच्या किटमध्ये तांदळावर एक पत्रिका ठेवलेली होती. ताई ती वाचून किट नाकारू शकल्या असत्या का? ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याच्या हातात आपण काय ठेवतो? यंदा किटमध्ये पत्रिका नाही, हे मी संघात बोललो आणि दोघा-तिघांना ते पटलेलं नाही. त्यांना वाटतं मी शुभवर्तमान लपवतोय. माझं म्हणणं, १ पेत्र ३:१५ वाचा. कोणी विचारलं तर उत्तर द्यायला तयार राहा, तेही सौम्यतेनं. विचारायला आधी तिथं बसावं लागतं.

दुसरं उदाहरण फादर हर्मन बाखर यांचं. (मी प्रोटेस्टंट घरातला आहे, कॅथलिक फादरांचं उदाहरण दिलं म्हणून कृपया मेसेज करू नका.) हे स्वित्झर्लंडहून आलेले जेझुइट. नगरला राहून त्यांनी दुष्काळी गावांत पाण्याचं काम केलं. १९७२ चा दुष्काळ इथल्या म्हाताऱ्यांना अजून आठवतो, पप्पा सुकडी आणि लाल मिलोची भाकरी यांची चव सांगतात. धान्य वाटून तो दिवस निघतो, पुढच्या उन्हाळ्यात टँकर परत येतो. १९८९ पासूनच्या इंडो-जर्मन पाणलोट कार्यक्रमामागं फादर होते, आणि त्यात अट अशी की गावानं आधी श्रमदान करून दाखवायचं. कुऱ्हाडबंदी, चराईबंदी गावानं स्वतः ठरवून पाळायची. पैसा जर्मनीचा, पण खोऱ्याला पहिला हात गावाचा. संगमनेर तालुक्यातल्या दरेवाडीला जाऊन बघा, तिथं बाहेरचे लोक आता शिकायला येतात. मला हा सरवाच वाटतो. पेंढी गळू द्यायची आणि वेचणारीला वेचू द्यायचं.

पौल मासेदोनियाच्या मंडळ्यांबद्दल (२ करिंथ ८:१-४) जे लिहितो ते पण याच्या शेजारी ठेवा. ते स्वतः कमालीच्या गरिबीत होते आणि त्यांनी पौलाला विनवण्या केल्या, की यरुशलेमच्या पवित्र जनांच्या मदतीत आम्हालाही भाग घेऊ द्या. देण्याची कृपा मागितली त्यांनी. त्या ताईंनीही मागितली होती. घोटभर चहा. त्यांच्याकडं त्या दिवशी देण्यासारखं तेवढंच होतं, आणि मी तो उशीर होतोय म्हणून नाकारला.

यंदा काय करतोय ते सांगतो, आदर्श म्हणून नाही, हिशोब म्हणून. टोळ्या दोनच घेतल्यात, गेल्या वर्षी पाच होत्या. त्यावरून संघात कुरकुर आहे, आकडा लहान दिसतो. मी आधी एकदा जाऊन आलो, पाच डिसेंबरला, रिकाम्या हातानं. नावं विचारली. कोयते चौदा, माणसं अठ्ठावीस, लेकरं बावीस, त्यातली तीन तान्ही. काय हवंय विचारलं तर ब्लँकेट कोणीच पहिलं सांगितलं नाही. एका आजोबांनी चष्मा सांगितला. दोन बायकांनी टॉर्च, कारण पहाटे फडात साप असतात. एकीनं हसत हसत केक म्हटलं. एक गाडी आणि ड्रायव्हर म्हणून मी, दिवसभर मोकळे ठेवलेत, दवाखान्यासाठी. आमच्या मंडळीतल्या एक नर्सताई सोबत येतायत. सूत्रसंचालन दुसऱ्याला दिलंय, तो माझ्यापेक्षा बरंच करेल. फोटो नाहीत. आणि शीटमध्ये रंग नाहीत, नावाचा कॉलम मात्र आहे.

चहाला बसायचं हे सगळ्यांना सांगून ठेवलंय. शुगर कमी वगैरे म्हणायचं नाही.

नेवासा, शेवगाव, राहुरी भागातले जे कोणी हे वाचतायत, त्यांना एक विनंती. गेल्या नाताळात राहुरीकडून नेवाशाकडं गेलेली बारा कोयत्यांची टोळी, त्यात एक तरुण ताई आणि आता साडेतीन-चार वर्षांचं लेकरू, असं काही कोणाला माहीत असेल तर मला जरूर कळवा. टोळ्या पुष्कळदा त्याच पट्ट्यात परत येतात. आई म्हणते, विचारत राहा.

प्रार्थना : प्रभू येशू, तुझ्या आईनं दोन पक्षी आणले ते तू पाहिलेस. पाचव्या कोपीतलं ते लेकरू कुठं आहे हे तुला ठाऊक आहे, मला नाही. त्याचा ताप उतरलेला असू दे. ती भेटली तर माझ्याकडून तिच्याकडं काही नेण्याआधी मला तिच्या चुलीशी बसू दे. आमेन.